शून्य अंतराची जोडी

१

हे मी बुधवारी, नऊ ऑक्टोबरला, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी ऐकायला सुरुवात केली. संपले तेव्हा पाच वाजायला थोडा अवकाश होता. सांगणारी आमच्या विभागातील ज्येष्ठ नोंदतपासनीस होती. वय चौतीस असले तरी तिला सगळे ताई म्हणत, तिच्याहून मोठे असलेलेसुद्धा. तिने राजीनामा दिला होता, नोकरीचे शेवटचे तीन दिवस उरले होते आणि तिचे टेबल माझ्याकडे येणार होते. मला रुजू होऊन तेव्हा सात आठवडे झाले होते.

पहिल्याच दिवशी तिने मला एक सूचना दिली होती. "माझ्या उजव्या हाताला बसत जा. डावीकडून बोललास तर भिंतीशी बोलल्यासारखं होईल." आठव्या वर्षी मेंदूज्वर झाला, त्यातून ती वाचली, पण डावा कान गेला, असे तिनेच नंतर सांगितले. सव्वीस वर्षांत त्या कानाने एकही आवाज ऐकला नव्हता.

तिने सांगितलेले आणि मी स्वतः तपासलेले, या दोन गोष्टी मी शक्य तितक्या वेगळ्या ठेवल्या आहेत. जिथे त्या मिसळल्या असतील तिथे दोष माझा आहे, तिचा नव्हे.

२

आमचा विभाग औषध बनवत नाही आणि विकतही नाही. औषध बाजारात आल्यानंतर खऱ्या माणसांचे काय होते, एवढेच आम्ही पाहतो. चाचणीतील माणसे निवडून घेतलेली असतात. दवाखान्यात येतात ती न निवडलेली: गोळी विसरणारी, अर्धी मोडून घेणारी, बरे वाटले की बंद करणारी. तेवीस केंद्रांतून दर तीन महिन्यांनी त्यांच्या नोंदींचा गठ्ठा येतो. नावे, पत्ते संगणकाने आधीच पुसलेले असतात.

अडचण नेहमीची आहे. गोळी घेतलेला माणूस ती न घेता कसा जगला असता, हे त्याच्याकडून कधीच कळू शकत नाही. त्याला एकच आयुष्य असते. म्हणून गोळी घेणाऱ्या प्रत्येकासाठी आम्ही न घेणारा एक शोधतो. वय, वजन, रक्तदाब, साखर, जुने आजार, अशा बेचाळीस बाबतींत त्याच्यासारखा. तो त्याचा जोडीदार. इतर विभाग आमच्या टेबलाला 'स्थळं जुळवणारी' म्हणत आणि ताई त्यावर म्हणे, "आमच्याकडची जोडपी भांडत नाहीत, कारण ती एकमेकांना कधी भेटतच नाहीत."

जोडीतील दोघे किती वेगळे आहेत हे एका आकड्यात मांडतात. त्याला अंतर म्हणतात. अंतर जितके कमी तितकी जोडी चांगली. पण ते शून्य आले तर जोडी बाद होते. दोन माणसे इतकी सारखी नसतात. शून्य याचा अर्थ एकच माणूस दोनदा नोंदवला गेला आहे. अशा वेळी दुसरी नोंद काढून टाकायची, असा अकरा वर्षांपासूनचा लेखी नियम आहे.

आणखी एक नियम आहे. रुग्ण कोण आहे हे शोधण्याचा प्रयत्न करणार नाही, असे आम्ही प्रत्येक जण रुजू होताना लिहून देतो. मीही दिले आहे.

३

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात एका अभ्यासाच्या जोड्या लागल्या. अनियमित नाडीवरची नवी गोळी. पाच हजार दोनशे आठ जोड्या. शून्य अंतराच्या तीन निघाल्या आणि नियमाप्रमाणे ताईच्या टेबलावर आल्या. पहिल्या दोन सरळ होत्या. घर बदललेली माणसे, दोन केंद्रांत दोनदा नोंदवलेली. तिने त्या दहा मिनिटांत निकाली काढल्या.

तिसऱ्या जोडीतील पहिली नोंद तिने उघडली. पुरुष, वय सदुसष्ट, विधुर. व्यवसाय घड्याळदुरुस्ती. डाव्या अंगठ्याला नख नाही. डॉक्टरांनी पहिल्या भेटीच्या टिपणात लिहिले होते: रुग्ण स्वतःची नाडी स्वतः मोजून वहीत लिहून आणतो; त्याचे आणि आमचे आकडे जुळले नाहीत तेव्हा म्हणाला, 'तुमचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे, उगाच माझ्या नाडीला बोल लावू नका.'

त्या भेटीला ताई खोलीत हजर होती. हे वाक्य ऐकून ती हसली होती.

मग तिने मला आपल्या वडिलांविषयी सांगितले. गोळी लिहून दिली तेव्हा ते घ्यायला तयार नव्हते. मला काही होत नाही, तर गोळी कशाला, एवढाच त्यांचा मुद्दा होता. चाचणीचे आकडे ताईने वाचले होते, आणि तिने ते त्यांना जेवणाच्या टेबलावर, कागदावर रेघा ओढून समजावले. तीन रविवार समजावले. चौथ्या रविवारी त्यांनी तळहात पुढे केला आणि म्हणाले, "दे. तू म्हणतेस तर घेतो."

त्यानंतर ती रोज सकाळी आठला फोन करी. ते पलीकडून म्हणत, "घेतली गं, सेकंदकाट्या." लहानपणी ती एका जागी ठरत नसे, तेव्हापासूनचे ते नाव. सातव्या महिन्यात एका सकाळी फोन कोणी उचलला नाही. ते कामाच्या स्टुलावरून खाली पडलेले होते आणि समोरच्या घड्याळाचे झाकण उघडे होते.

गोळीने गेले की हृदयाने, हे डॉक्टर सांगू शकले नाहीत. एका माणसावरून ते सांगता येत नाही. पट्टीत अकरा गोळ्या शिल्लक होत्या. ती पट्टी दोन वर्षे ताईच्या पर्समध्ये होती.

४

दुसरी नोंद तिने जेवणाच्या सुट्टीनंतर उघडली. केंद्र सतरा. पुरुष, सदुसष्ट, विधुर, घड्याळदुरुस्ती, डावा अंगठा. नाडीची वही. चार मिनिटे मागे असलेले घड्याळ, त्याच शब्दांत.

फरक दोनच होते. या माणसाने गोळी नाकारली होती. आणि तो जिवंत होता. सोळा एप्रिलला तपासणीला येऊन गेला होता. गुडघे दुखतात, अशी तक्रार होती.

ताईने विभागप्रमुखांना सांगितले. सर माणूस चांगला आहे, पण कोड्यांचा त्यांना कंटाळा आहे. त्यांचे म्हणणे असे की, शून्य म्हणजे तोच माणूस, एक नोंद उडवायची आणि पुढे जायचे.

"एक वारलाय, सर," ताई म्हणाली. "दुसरा दोन महिन्यांपूर्वी गुडघे दाखवून गेलाय."

"मग कोणाचा तरी केसपेपर कोणाच्या तरी क्रमांकावर चढलाय. कारकुनी घोळ. सतरा नंबरवाले कसे आहेत, तुम्हाला ठाऊक नाही का? तुम्हीच शिकवून आलात ना त्यांना?"

हे खरे होते. त्या केंद्राच्या कारकुनांना तिनेच प्रशिक्षण दिले होते. सरांचे स्पष्टीकरण मला आजही सर्वांत संभवनीय वाटते. तिलाही वाटत होते. तरी तिने ती नोंद उडवली नाही. वडील गेल्यानंतर तिला एकच प्रश्न होता: मी गळ घातली नसती तर? हा प्रश्न विचारायला जगात जागा नसते. आणि आता त्याचे उत्तर तिच्या टेबलावर उघडे पडले होते, गुडघेदुखीसकट.

रोज काम संपल्यावर ती ही नोंद वाचू लागली. कधी सर्दी, कधी चष्म्याचा नंबर वाढला. तिने मला सांगितले की, त्या दिवसांत ऑफिसातून निघताना तिला घरी कोणाला तरी फोन करायचा राहून गेल्यासारखे वाटे.

५

नोंदीत कुटुंबाच्या माहितीचे वेगळे पान असते. आनुवंशिक आजार तपासायचा नसेल तर आम्ही ते उघडत नाही. जोडी लावतानाही ते धरत नाहीत. तिने ते जुलैच्या पहिल्या सोमवारी उघडले.

पत्नी मृत. एक मुलगी. मुलगी वयाच्या आठव्या वर्षी मेंदूज्वराने मृत.

खाली डॉक्टरांचे टिपण होते, गोळी नाकारण्याच्या कारणाविषयी. ते मी पाहिले आहे, म्हणून जसेच्या तसे देतो: 'फायदे-तोटे दोनदा समजावले. रुग्ण म्हणतो, आठवण करून द्यायला घरी कोणी नाही. मुलगी असती आणि तिने सांगितलं असतं तर घेतली असती. आता कोणासाठी घ्यायची.'

ताई म्हणाली की, हे वाचून तिने आधी टेबलावरचा दिवा बंद केला आणि मग पुन्हा लावला.

"मला इतके दिवस वाटायचं, मी नसते तर ते वाचले असते," ती मला म्हणाली. "बरोबरच होतं. नसते तर वाचलेच होते."

हे ती रडत म्हणाली नाही. एखाद्या बेरजेचा ताळा जमल्यावर आम्ही ज्या आवाजात बोलतो, त्या आवाजात म्हणाली. मी पाण्याचा पेला तिच्याकडे सरकवला.

६

पुढच्या तपासणीची तारीख नोंदीत असते. सोळा जुलै, मंगळवार, सकाळी साडेअकरा. तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. तो अर्ज मी पाहिला आहे. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक काम' असे आहे. लिहून दिलेला शब्द ती मोडत होती आणि हे तिला माहीत होते. तिला बोलायचे नव्हते, ओळख द्यायची नव्हती. माणूस वेगळा आहे हे एकदा डोळ्यांनी दिसले की नोंद उडवून मोकळे व्हायचे, एवढेच तिने ठरवले होते.

केंद्र सतराची प्रतीक्षेची जागा म्हणजे एक लांब बोळ आहे. एका भिंतीला बाक, दुसऱ्या भिंतीला दारे, टोकाला औषधाची खिडकी. बाकावर सात-आठ माणसे होती. सत्तरीच्या आसपासचा पुरुष त्यांत कोणी नव्हता. ती भिंतीकडच्या टोकाला बसली. तिच्या डाव्या हाताला बाकाची रिकामी जागा होती आणि त्यापुढे झरोक्यातून आलेला उन्हाचा पट्टा. साडेअकरा वाजून गेले. घाम पुसायला रुमाल हवा म्हणून तिने पर्समधले सामान बाहेर काढून बाकावर ठेवले: किल्ल्या, पाकीट, ती पट्टी.

तेव्हा तिला टकटक ऐकू आली.

वडील घड्याळ उघडताना जीभ टाळूला लावून टकटक करत. काट्याच्या लयीत, न कळत. ती लय तिला ओळखू आली, आणि ओळखल्यानंतर एक-दोन क्षणांनी लक्षात आले की आवाज डाव्या कानात येतो आहे.

तिने मला हे दोनदा सांगितले. मी विचारले की, दोन्ही कानांनी ऐकणाऱ्या माणसालाही आवाजाची दिशा चुकते, तर तसे काही झाले नसेल का. ती म्हणाली, "एका कानाने जगणाऱ्याला दिशा कळतच नाही रे. मला सव्वीस वर्षं कळली नव्हती. तेव्हा कळली."

तिने मान वळवली नाही. समोर पाहत राहिली. डोळ्याच्या कोपऱ्यात, बाकाच्या कडेवर टेकवलेला एक हात दिसत होता. अंगठ्याला नख नव्हते. तो हात उलटा झाला, तळहात वर आला आणि तसाच थांबला.

मग हाक आली. नाव नव्हे, ते दुसरे. "सेकंदकाट्या."

थोडे थांबून पुन्हा एकदा. आवाजात आनंद नव्हता, असे ती म्हणाली. झोपलेल्या माणसाला उठवावे की नाही, असा विचार करणाऱ्याचा तो आवाज होता. तेव्हा तिला उमगले की त्या बाजूने पाहिले तर घाबरायचे कारण त्याला होते. त्याची मुलगी आठव्या वर्षी गेली होती, आणि ती चौतीस वर्षांची होऊन बाकावर बसली होती.

ती उठली. किल्ल्या आणि पाकीट उचलून पर्समध्ये टाकले आणि मागे न पाहता बोळातून बाहेर पडली. पट्टी पर्समध्ये नाही, हे घरी गेल्यावर कळले.

७

पुढचा गठ्ठा शुक्रवारी, सत्तावीस सप्टेंबरला आला. केंद्र सतराच्या परिचारिकेचे सोळा जुलैचे टिपण त्यात आहे. तेही मी पाहिले आहे. दुष्परिणामांच्या फॉर्ममध्ये, 'भास' या सदराखाली ते लिहिले आहे:

'रुग्ण म्हणतो, बाकावर मुलगी बसलेली पाहिली. मुलगी बालपणीच मृत. दोनदा सेकंदकाटा अशी हाक मारली. तिला ऐकू आले नाही, असे सांगतो. रडत होता, पण शांत होता. ताप नाही. कोणतेही औषध चालू नाही, त्यामुळे औषधाशी संबंध नाही. बाकावर मिळालेली गोळ्यांची जुनी पट्टी दाखवली, अकरा शिल्लक. मुलीने ठेवली म्हणतो. मुदत संपलेली असल्याने काढून घेतली. गोळी आजपासून घेईन म्हणतो. नवी लिहून दिली.'

संगणक नावे पुसतो. सेकंदकाटा हे नाव आहे हे त्याला कळले नसावे, म्हणून तो शब्द राहिला.

ताईने ते टिपण वाचले तेव्हा दहा आठवडे उलटले होते. दहा आठवडे तो माणूस रोज सकाळी गोळी घेत होता. केंद्राला कळवून ती थांबवावी, तर कारण काय सांगणार? गोळी वाईट आहे याचा पुरावा नव्हता. उलट, अभ्यासाचे कच्चे आकडे त्याच आठवड्यात आले होते आणि ते गोळीच्या बाजूचे होते: हजारांमागे अकरा माणसे अधिक जगत होती. त्यांतला हा एक आहे की नाही, हे कोणताही आकडा सांगणार नव्हता.

तिच्यासमोर दोन वाटा होत्या. सर म्हणत होते तशी नोंद उडवायची. मग तो माणूस कधी नव्हताच असे होते. नाहीतर दुसरा नियम लावायचा. न घेणाऱ्यांपैकी कोणी मध्येच गोळी सुरू केली, तर त्याच दिवशी त्याचा पाठपुरावा थांबवतात आणि त्या दिवसाची स्थिती कायम धरतात. पुढचे गठ्ठे आले तरी त्याचे पान आमच्याकडे येत नाही.

तिने दुसरा नियम लावला. जोडी ठेवण्याचे कारण म्हणून तिने लिहिले: 'कुटुंबाच्या माहितीत फरक. दोन भिन्न व्यक्ती.' सरांनी न वाचता सही केली. मग तिने राजीनामा दिला.

"वळून बघायला हवं होतं मी," पाच वाजायच्या सुमारास, टेबलाच्या खणाची किल्ली माझ्या हातात देताना ती म्हणाली. "त्यांना वाटतंय, मला ऐकू आलं नाही."

८

मी हे मार्चच्या शेवटच्या आठवड्यात लिहीत आहे. त्या माणसाने गोळी सुरू केल्यापासूनचा सातवा महिना फेब्रुवारीच्या मध्यावर पूर्ण झाला.

मधल्या काळात तिचा एकदाच फोन आला. नवा गठ्ठा आला का, असे तिने विचारले. मी आला म्हणालो. मग सांगितले की, ताई, ते पान आता आपल्याकडे येत नाही.

"माहीत आहे मला," ती म्हणाली. "म्हणून तर तसं बंद केलं."

फोन ठेवण्यापूर्वी तिने मला विचारले की, जेवतोस ना वेळेवर. मी हो म्हणालो.

आता तपासणीविषयी. अंतर शून्य होते, हे खरे आहे. बेचाळीस बाबी मी हाताने पुन्हा मोजल्या. केंद्र सतराचा बोळ मी पाहिलेला नाही आणि पाहणार नाही, कारण मी तसे लिहून दिले आहे. परिचारिकेचे टिपण खरे आहे. पण ताईने मला हे सांगितले ते टिपण वाचल्यानंतर बारा दिवसांनी. तिची आठवण टिपणावरून तयार झाली असेल, ही शक्यता मी नाकारू शकत नाही. तिला आधी जे माहीत होते आणि नंतर जे कळले, ते वेगळे करण्याचा मार्ग माझ्याकडे नाही.

एकच भाग असा आहे, जिथे तिचे सांगणे टिपणाशी जुळत नाही. टिपण म्हणते, तिला ऐकू आले नाही. ती म्हणते, आले. दोन्ही वेळा आले, आणि त्याच कानात. यांतले खरे काय, याची खात्री मला कधीही करून घेता आली नाही.

त्या माणसाचा क्रमांक मला पाठ आहे. आमच्या यादीत त्याच्यापुढे सोळा जुलै ही तारीख आहे आणि तिच्यापुढे, ताईच्या सहीने, शेवटची ज्ञात स्थिती: जिवंत.